फोटोग्रामेट्री: आठ महिने ट्रेंचमध्ये वापरल्यावर

पुरातत्त्वीय उत्खननात आधी आलेखकागद घेऊन ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या चरात, बसायचो आणि दगडन् दगड रेखाटायचो. एका भिंतीत अख्खा दिवस जायचा. आता फोटोग्रामेट्रीसाठी (बऱ्याच फोटोंवरून संगणकात त्रिमितीय मॉडेल बनवण्यासाठी) तीच भिंत अर्ध्या तासात टिपून होते. वाचलेल्या वेळातला बराचसा रात्री संगणकापुढे जातो, ते सोडा.

पहिले दोन महिने मी मॉडेलच्या देखणेपणावरच भाळलो होतो. मग एका लांबट ट्रेंचचं मॉडेल टोटल स्टेशनच्या (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राच्या) मापांशी ताडून पाहिलं, तर सपाट तळ मधोमध चार सेंटीमीटर फुगलेला! चूक माझीच. सगळे फोटो सरळ वरून, समांतर ओळींत काढले होते. अशा वेळी लेन्सच्या विकृतीचा हिशेब जरासा चुकला तरी पृष्ठभाग घुमटासारखा वाकतो. आता तिरपे फोटोही घेतो, आणि कंट्रोल पॉइंट (ज्यांची जागा अचूक मोजलेली असते अशा खुणा) कडेबरोबर मध्येही लावतो. त्यातले दोन-तीन गणितात न घेता तपासणीसाठी राखून ठेवतो. उरलेल्या पॉइंटांवर प्रोग्रॅम दाखवतो ती त्रुटी म्हणजे आपणच आपल्याला दिलेले गुण.

बाकी सवयीचं आहे: झूम हलवायचा नाही, शेजारच्या फोटोंत 70-80 टक्के भाग सामाईक (ओव्हरलॅप), फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये. ढगाळ आभाळ मिळालं तर सोनं. उन्हात सावल्या सरकतात आणि मॉडेलच्या रंगात कायमच्या बसतात. साचलेलं पाणी आणि चकचकीत झिलईची खापरं यांच्यापुढे मात्र मी हात टेकलेत. तिथे मॉडेलला भोकं तरी पडतात, नाहीतर खडबडीत गोळा तयार होतो.

हाताने रेखाटणं सोडलं का? नाही. एक थर कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, हे मॉडेल सांगत नाही. ते माती खरवडून, बोटांना जाणवून ठरतं. म्हणून ऑर्थोफोटो (मॉडेलवरून काढलेलं, नकाशासारखं मापात असलेलं चित्र) छापून ट्रेंचमध्येच नेतो आणि थरांच्या रेषा त्यावर पेन्सिलीने ओढतो. हीच पद्धत मला सगळ्यांत मानवली.

एकदा घाईत स्केल बार (मापासाठी ठेवायची ठरलेल्या लांबीची पट्टी) आणि कंट्रोल पॉइंट दोन्ही लावायचे राहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो थर खणून काढला. मॉडेल आजही सुरेख दिसतं. त्यातली चूल किती रुंद होती, ते मात्र नोंदवहीत टेपने घेतलेल्या एका मापामुळेच सांगता येतं.