विजेवरचा प्रेशर कुकर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात आम्ही सहा लिटरचा, १००० वॅटचा विजेवर चालणारा प्रेशर कुकर घेतला. पाच माणसांच्या आमच्या घरात तो जवळजवळ रोज वापरात आहे. घेताना माझी समजूत होती की गॅसवरचा कुकर आता माळ्यावर जाईल. तसे झाले नाही.

त्याचे पहिले कारण वेळ. पुस्तिकेत तूरडाळीसाठी दिलेली आठ मिनिटे पूर्ण दाब आल्यानंतर मोजली जातात. दाब यायला दहा-पंधरा मिनिटे आणि कुकर आपोआप पडायला जवळजवळ तितकीच लागत असल्याने साध्या वरणालाही अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो. गॅसवरच्या कुकरमध्ये दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो आणि आतले तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. विजेवरच्या बहुतेक कुकरमध्ये दाब ०.७ ते ०.८ किलोच राहतो, त्यामुळे तापमानही तीन ते पाच अंशांनी कमी असते. शिवाय आतले भांडे रुंद पण बुटके असल्यामुळे त्यात दोनच डबे मावतात. सकाळच्या घाईत वरण, भात आणि बटाटे एकदम लावायचे असतील तर आजही गॅसवरचाच कुकर चढतो.

कडधान्यांच्या बाबतीत मात्र मी या कुकरवर मनापासून खूश आहे. होळीला अर्धा किलो हरभरा डाळ पुरणासाठी लावली. गॅसवर प्रत्येक शिट्टीबरोबर फेस बाहेर उडून ओटा भरतो आणि कटही वाया जातो. येथे शिट्टीच होत नाही, वाफ आतच कोंडून राहते. त्यामुळे डाळ एकसारखी मऊ शिजली आणि कटाच्या आमटीसाठी भरपूर कट मिळाला. डाळ फेसाळते, म्हणून भांडे अर्ध्याहून अधिक भरायचे नाही आणि वाफ हाताने न सोडता स्वतःहून जिरू द्यायची, एवढे पथ्य पाळावे लागते.

मंद आचेच्या पर्यायावर राजमा कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यातला विषारी घटक भिजवलेले दाणे किमान दहा मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय नष्ट होत नाही आणि मंद आचेवर तेवढी उष्णता मिळेलच असे नाही. राजमा नेहमी दाबाखालीच शिजवावा.

दह्याचा पर्याय थंडीत फार उपयोगी पडला. रात्री विरजण लावले की सकाळी घट्ट दही तयार असे. झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगला मात्र मसाल्याचा वास चिकटतो आणि तो धुऊनही पुरता जात नाही, म्हणून रस्सा-उसळींसाठी एक आणि दूध-खिरीसाठी दुसरी अशा दोन रिंगा आम्ही ठेवल्या आहेत.

माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येते. शिट्ट्या मोजता येत नाहीत आणि गॅस चालू राहील या धास्तीने त्यांनी दोन वर्षांपूर्वी एकटीने कुकर लावणे सोडले होते. या कुकरचा दाबाचा भाग ठरलेल्या वेळी आपोआप संपतो. आता दुपारी घरी कोणी नसतानाही त्या भिजवलेले वाटाणे लावतात, बटण दाबतात आणि निवांत पडतात.