सिममध्ये आवाज तडतडतो: ग्राफिक्स उतरवायचे, ड्रायव्हर धुंडाळायचा की नवं डॅक घ्यायचं?

फ्लाइट सिममध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या खेळात, विमान उतरायला धावपट्टीच्या रेषेत आलंय, फ्लॅप खाली, थ्रॉटल मागे. आणि नेमकी तेव्हाच इंजिनाच्या गुरगुरीत लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू होते. फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांचा आकडा, बघावा तर ठीकच असतो. मग शोधाशोध, आणि सल्ले तीन दिशांना ओढतात. कुणी म्हणतं सिमची सेटिंग्ज उतरवा, कुणी म्हणतं विंडोजमधला नाठाळ ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) पकडा, तर कुणी सरळ बाहेरचं यूएसबी डॅक, म्हणजे डिजिटल आवाज हेडफोनजोगा करणारा डबा, घ्यायला सांगतं. मी तिन्ही करून पाहिलं, आणि तेही उलट्या क्रमाने: आधी खरेदी, शेवटी तपास. तुम्ही अजून पाकिटाला हात घातला नसेल, तर पुढचं वाचून घाला.

आधी हे का होतं, ते थोडक्यात. विंडोजमध्ये सिमचा आवाज साधारण १० मिलिसेकंदांच्या पुड्या बांधून पुढे जातो. ४८ किलोहर्ट्‌झला एका पुडीत ४८० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापं, बसतात. पुढची पुडी वेळेत भरली नाही तर वाजवायला काही उरत नाही, आणि ती पोकळी 'टक्' अशी ऐकू येते. चित्राचं गणित ढिलं असतं. ३० फ्रेमवर चालणाऱ्या सिमला एका फ्रेमसाठी ३३ मिलिसेकंद मिळतात, आणि एखादी फ्रेम ४०ला आली तर डोळा सांभाळून घेतो. कान घेत नाही. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर निम्मा मोकळा दिसत असतानाही आवाज तुटू शकतो. सरासरी कितीही चांगली असली तरी पुडी एकदा चुकली की चुकली.

पुडी चुकवणारे दोन प्रकारचे. एक, सिम स्वतः: इतकं काम काढून बसतं की आवाज मिसळणाऱ्या थ्रेडला (प्रोग्रामच्या कामाच्या धाग्याला) पाळीच मिळत नाही. दोन, ड्रायव्हर. हार्डवेअरने हाक (इंटरप्ट) मारली की ड्रायव्हर तातडीचं तेवढं उरकतो आणि बाकीचं डीपीसी नावाच्या रांगेत लावतो. ते काम चालू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर एकही साधा थ्रेड चालत नाही, त्याची प्रायॉरिटी कितीही मोठी असो. सिमची प्रायॉरिटी 'हाय' करण्याचा लाडका उपाय इथे वाया जातो तो यामुळेच. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे की डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या आत आटपावा आणि इंटरप्टचं काम २५च्या आत. प्रत्यक्षात हजाराच्या वर जाणारे महाभाग सापडतात.

उशीर कोणाचा?

यासाठी पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो. सिम चालू असताना दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर हळू आवाजात संगीत लावून ठेवा. इंजिन तडतडतं पण संगीत स्वच्छ वाजतं, असं असेल तर दोष बहुतेक सिमचा किंवा त्यात टाकलेल्या विमानाचा. दोन्ही एकदम तुटत असतील तर विंडोज, ड्रायव्हर किंवा आवाजाची वाट. त्यानंतर सिम बंद करून तेच संगीत पंधरा मिनिटं वाजवा. तरीही तडतडलं तर सिमची सेटिंग्ज हलवण्यात काहीच अर्थ नाही.

तडतडीची लय हाही पुरावा असतो, आणि लोक त्याकडे फार कमी लक्ष देतात. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखी टकटक येत असेल तर पार्श्वभूमीला कुणीतरी दर एक-दोन सेकंदांनी काहीतरी विचारत बसलंय असं समजा: तापमान मोजणारी, पंखे फिरवणारी, दिवे रंगवणारी सॉफ्टवेअर. कॅमेरा फिरवल्यावर किंवा दाट शहरावर आल्यावरच येत असेल तर भार. योक किंवा रडर (यूएसबीला जोडलेली, विमान वळवायची दांडी आणि पेडलं) हलवल्यावर येत असेल तर यूएसबी. माझी टकटक दर दोन सेकंदांनी यायची. माझ्या कानाला ती सहा महिने ऐकू येत होती, डोक्यात मात्र शिरली नाही.

पहिला पर्याय: सिमचा भार उतरवणं

दोष सिमचा ठरला तर हाच उपाय, आणि तो फुकट आहे. फक्त योग्य ठिकाणी उतरवा. बरेच जण सावल्या, ढग आणि रिझोल्यूशन कमी करतात. तो भार ग्राफिक्स कार्डाचा, आवाजाला त्याचा फारसा उपयोग नाही. प्रोसेसरला दमवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये भूभागाचा तपशील ठरवणारी टेरेन एलओडीची सरकपट्टी, एआय वाहतूक (सिमने स्वतः चालवलेली इतर विमानं) आणि ग्लास कॉकपिटचा, म्हणजे कॉकपिटमधल्या पडद्यांचा, रिफ्रेश रेट. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये जगातल्या वस्तूंची संख्या. आधी या उतरवा.

याहूनही चांगला उपाय म्हणजे फ्रेमरेटला लगाम. तुमचं मशीन ४२ ते ५५ असं हिंदकळत असेल तर ३० किंवा ४०वर बांधून टाका. प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमनंतर श्वास घ्यायला फट मिळते, आणि आवाजाचं काम त्या फटीत होऊन जातं. आकडा लहान दिसतो म्हणून मन खट्टू होतं, पण उडताना बांधलेले ३० हिंदकळणाऱ्या ५०पेक्षा गुळगुळीत वाटतात.

बाहेरून घेतलेल्या विमानांचा मामला निराळा. एक्स-प्लेनमध्ये आवाज एफमॉड नावाचं ध्वनीचं सॉफ्टवेअर सांभाळतं आणि मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये वाइज. हौशी निर्माते पंख्यापासून स्विचपर्यंत इतके आवाज एकदम सोडतात की मिसळणाऱ्याची तारांबळ उडते. सिमसोबत आलेलं साधं सेस्ना १७२ घेऊन त्याच विमानतळावरून उडा. तडतड गेली तर दोषी हँगरमध्येच उभा आहे.

दुसरा पर्याय: ड्रायव्हरचा माग

कष्ट इथे सगळ्यात जास्त, आणि माझ्या मते फळही. हत्यार एकच पुरतं: कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते दाखवणारं लेटन्सीमॉन. ते चालू ठेवून नेहमीसारखं वीस मिनिटं उडा, मग ड्रायव्हर्सच्या टॅबवर जाऊन सर्वाधिक वेळ घेणारे वर येतील असं लावा. पहिल्या पानावरचा लाल इशारा पाहून घाबरू नका. सिम लोड होताना एखादं टोक उसळतंच, त्याने तडतड होत नाही. बघायचं ते हे की तडतड ऐकू आली त्याच क्षणी कुणाचा आकडा चढला.

नावं ओळखीची होत जातात. 'एनडिस' दिसलं तर नेटवर्क. वाय-फाय बंद करून केबल लावून पाहा. 'एसीपीआय' वर आलं आणि मशीन लॅपटॉप असेल तर वीज आणि बॅटरीच्या व्यवस्थापनाकडे बोट जातं. डायरेक्टएक्सचं कर्नल किंवा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जवळजवळ सगळ्यांच्याच यादीत वर असतो, कारण सिममध्ये सगळ्यात जास्त राबतो तोच. त्याला लगेच दोषी धरू नका. जुनी किंवा नवी आवृत्ती स्वच्छ टाकून आकडे ताडून पाहा. आणि हार्ड पेजफॉल्टचा (रॅममध्ये नसलेलं डिस्कवरून आणावं लागण्याचा) आकडा भराभर वाढत असेल तर ड्रायव्हरचं नाव सोडा, बहुतेक रॅम पुरत नाहीये.

या पर्यायातली सोपी कामं आधी. पॉवर प्लॅन 'बॅलन्स्ड'वरून 'हाय परफॉर्मन्स'वर न्या, म्हणजे कोअर डुलक्या काढून दचकून जागे होणार नाहीत. आउटपुटचा फॉर्मॅट १९२ किलोहर्ट्‌झवर असेल तर ४८वर आणा. चौपट नमुने वाहून कॉकपिट चौपट खरं वाटत नाही. ऑडिओ एन्हान्समेंट आणि स्पॅशियल साउंड बंद करा. मदरबोर्डच्या आवाजाचा ड्रायव्हर संशयास्पद वाटला तर त्याजागी विंडोजचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओचा ड्रायव्हर लावून बघा. देखणा नाही, पण मुकाट काम करतो.

एक बायोसमधली (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) गोष्ट, एएमडीचा रायझन प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी. मार्च २०२२मध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं की काही मशीनवर फर्मवेअरमधला टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी लांब व्यवहार करतो आणि त्या वेळी अख्खं मशीन क्षणभर अडखळतं, आवाजासकट. इलाज नव्या बायोसमध्ये आला. तेव्हापासून बायोस बदललंच नसेल तर बाकी काही करण्याआधी ते करा.

आणि जुन्या सल्ल्यांपासून सावध. घड्याळाचा स्रोत बदलणारे कमांड, रजिस्ट्रीतल्या दहा ओळी एका दमात चिकटवणं, हे करून काही बदललं तरी कशामुळे बदललं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट, आणि मध्ये मशीन रीस्टार्ट.

तिसरा पर्याय: आवाजाची वाट बदलणं

इथे खरेदी येते, म्हणून इथे मोह. पण वाट बदलणं म्हणजे लगेच खरेदी नव्हे. मॉनिटरच्या स्पीकरमधून ऐकत असाल तर तुमचा आवाज एचडीएमआयवरून, म्हणजे ग्राफिक्स कार्डातून जातोय, आणि सिममध्ये त्याच कार्डाची दमछाक चाललेली असते. मदरबोर्डच्या हिरव्या जॅकला साधा हेडफोन लावून पाहा. एवढ्याने काम झालेले लोक मी पाहिलेत, आणि ते थोडे ओशाळलेलेही पाहिलेत.

यूएसबी हेडसेट किंवा डॅकचा फायदा असा की मदरबोर्डच्या आवाजाचा ड्रायव्हर वाटेतून बाजूला होतो. पण नवा शेजार मिळतो. यूएसबीवर आवाज अशा पद्धतीने जातो की एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जात नाही. गेला तो गेला. त्याच यूएसबी कंट्रोलरवर (पोर्टांचा गट सांभाळणाऱ्या चिपवर) योक, थ्रॉटल, रडर, डोकं टिपणारा कॅमेरा आणि वर व्हीआर हेडसेट असेल तर गर्दी कुणाला भोवणार ते उघड आहे. डॅक घेतलंच तर हबवर नको, मदरबोर्डच्या पोर्टवर, आणि शक्यतो व्हीआर ज्या कंट्रोलरवर आहे त्यावर नको. सिम चालत असताना पॉवर वाचवण्यासाठी यूएसबी झोपवणारं सेटिंगही बंद.

संगीतवाले एएसआयओचं (विंडोजची मिसळण वगळून थेट साउंड कार्डाशी बोलणाऱ्या पद्धतीचं) कौतुक सांगतील आणि ६४ नमुन्यांचा बफर (आगाऊ भरून ठेवायचा साठा) दाखवतील, जेमतेम १.३ मिलिसेकंद. गाणं ध्वनिमुद्रित करताना ते सोनं. सिम मात्र विंडोजच्या नेहमीच्या वाटेनेच आवाज काढतात, त्यांना त्याचा लाभ नाही. उलट आपल्याला मोठा बफर परवडतो: इंजिनाचा आवाज २० मिलिसेकंद उशिरा आला तर कुणाला कळतंय?

पीसीआय एक्सप्रेसचं साउंड कार्ड यूएसबीची गर्दी टाळतं, पण स्वतःचा ड्रायव्हर घेऊन येतं, म्हणजे दुसऱ्या पर्यायातली यादी एका नावाने वाढते. ब्लूटूथचा विचारच करू नका. मायक्रोफोन चालू केला की बऱ्याच हेडसेटवर आवाजाचा दर्जा टेलिफोनसारखा होतो, आणि शेजारचं यूएसबी ३ उपकरण २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंधळ घालू शकतं.

मग कोणी काय करावं

संगीत स्वच्छ आणि फक्त इंजिन तुटतंय: पहिला पर्याय. मॉनिटरमधून ऐकताय: आधी जॅक बदला. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून हाय परफॉर्मन्स, मग वाय-फाय, मग लेटन्सीमॉन, याच क्रमाने. व्हीआर असेल तर यूएसबीची मांडणी पहिली, बाकी सगळं नंतर. सिम बंद असतानाही तडतडत असेल तर सरळ दुसरा.

नव्या प्रोसेसरचा विचार करणाऱ्यांसाठी एक शब्द. ९६ मेगाबाइट एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) असलेल्या एएमडीच्या ५८००एक्स३डीने सिमवाल्यांना वेड लावलं, आणि ते रास्त आहे. पहिल्या पर्यायातला त्रास असा प्रोसेसर खरोखर कमी करतो. पण ड्रायव्हर तीन मिलिसेकंद अडून बसत असेल तर तो नव्या प्रोसेसरवरही अडून बसू शकतो. आधी लेटन्सीमॉन, मग खरेदी.

डॅकने बहुतेक वेळा बरा होणारा एक आजार आहे, आणि तो लेटन्सीचा (उशिराचा) नाहीच. तडतड नसून बारीक किणकिण किंवा गुंजन, जे कॅमेरा फिरवला की, ग्राफिक्स कार्डावर भार चढला की सूर बदलतं. ती मदरबोर्डवरची विद्युत गळती, अॅनालॉग जॅकपर्यंत पोचलेली. तिथे बाहेरचं डॅक पहिल्या मिनिटाला फरक दाखवतं.

माझा आजार तो नव्हता. दर दोन सेकंदांची टकटक करत होतं पंख्यांचे दिवे रंगवणारं सॉफ्टवेअर, आणि ते काढल्यावर आवाज एका रीस्टार्टमध्ये स्वच्छ झाला. डॅक अजून टेबलावर आहे. त्याचं आवाजाचं बटण बरं आहे, रेडिओची बडबड पटकन कमी करता येते.