डाळिंबवाल्यांनो, मायकोरायझाच्या नावाखाली काळी पावडर खपवतायत

डाळिंब असणाऱ्यांनी पूर्ण वाचा आणि आपापल्या ग्रुपवर टाका. सांगोला भागात एक 'सर' फिरतायत, मायकोरायझा, म्हणजे मुळीत राहणारी उपयोगी बुरशी विकतात, 900 रुपये किलो, आणि याची आळवणी केली (पाण्यात कालवून बुडाशी ओतली) की मर, म्हणजे झाड वाळून जायचा रोग, थांबते म्हणे. आमच्या वाडीत बऱ्याच जणांनी घेतलं, मी पण.

विकायची पद्धत लई भारी आहे. आदल्या दिवशी बादलीत आपल्याच बागेतली ड्रीपरखालची माती आणि त्यांची पावडर भिजत घालायला लावतात, सकाळी येऊन त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली धरतात, तो लॅपटॉपला जोडलेला असतो आणि स्क्रीनवर बारीक दोऱ्यासारखं काहीतरी वळवळायला लागतं. "बघा, जिवंत मायकोरायझा!" म्हातारीकोतारी सुद्धा चष्मा लावून बघत होती.

मेहुण्याचा पोरगा राहुरीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी ॲग्री करतोय, त्याला तो व्हिडिओ पाठवला तर तो हसायलाच लागला. म्हणला मामा, मायकोरायझा बुरशी आहे, ती पळत नसते, हे तर सूत्रकृमी आहेत, तुमच्या मातीतले बारीक किडे, यातले काही मुळी पोखरतात. म्हणजे डाळिंबाची मुळी पोखरणाऱ्यांचा भाऊबंद दाखवून आम्हाला मुळीचं औषध विकलं राव!

नंतर त्याने पावडर पाण्यात ढवळून बारीक चाळणीतून गाळली, खाली राहिलेलं मायक्रोस्कोपखाली बघितलं. कोळशासारखा चुरा आणि वाळू, बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, एक नाही. खरं तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे मायकोरायझा खतात ग्रॅममागे किमान 100 जिवंत कण पाहिजेत, म्हणजे बीजाणू किंवा बुरशी लागलेले मुळीचे तुकडे. पिशवीवर मायकोरायझा हा शब्द हाताएवढा मोठा, आणि मागं बारीक अक्षरात 'माती सुधारक'. ना बुरशीचं नाव, ना एक्स्पायरी. चित्र लाल छत्रीवर पांढरे ठिपके असलेल्या अळंबीचं, ती पाईन, बर्च असल्या थंड मुलखातल्या झाडांच्या मुळाशी असते. डाळिंबातली बुरशी मुळीच्या आत पेशीत शिरून राहते, तिची अळंबी उगवतच नाही, नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. तिचे धागे मुळी पोचत नाही तिथून स्फुरद, जस्त ओढून आणतात आणि झाड तिला साखर देतं, एवढाच व्यवहार आहे, मर बरी करणं त्यात कुठं बसत नाही.

आणि सर सांगत होते एक किलो 200 लिटरच्या ड्रममध्ये गूळ, बेसन टाकून वाढवा, पाच एकराला पुरतं. इथंच पकडायला पाहिजे कुणीही. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी वाढेल गुळावर, पण मायकोरायझाची बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढत नाही, म्हणून ती कुंडीत मका-ज्वारीच्या मुळांवर नाहीतर लॅबमध्ये गाजराच्या मुळांवर तयार करतात. वर त्याच ड्रममध्ये कार्बेन्डाझिम टाका म्हणले, म्हणजे बुरशी आणि बुरशीनाशक एकत्र. धन्य आहे.

आळवणीनंतर पानं गर्द हिरवी, काळीभोर झाली म्हणून आठवडाभर सगळे खूष होते. पावडरीत युरिया असणार असा माझा संशय आहे, तपासलेलं नाही. मरीची झाडं मात्र गेली ती गेलीच.

पोराने बागेतली पांढरी मुळी आणि बांधावरच्या कडुलिंबाची मुळी दोन्ही घेऊन निळा रंग देऊन बघितल्या, कडुलिंबाच्या मुळीत भरपूर मायकोरायझा सापडली, आमच्या डाळिंबात कुठंकुठं. डीएपीचा (स्फुरदाच्या खताचा) मारा आणि सारखी बुरशीनाशकाची आळवणी केल्यावर दुसरं काय होणार. जी गोष्ट बांधावर फुकट आहे तिचे पैसे मोजले, तेही न मिळता.

आता कामाचं. पक्कं बिल बहुतेक कुणाकडे नाही, पैसे रोख दिलेत, त्यामुळे तक्रारीला अडचण येतेय. शेजारच्या एका भावाने फोनवरून पैसे पाठवले होते, त्याच्याकडे सीलबंद पिशवी पण आहे, तो पंचायत समितीत गुणनियंत्रणवाल्यांकडे (खतं तपासणाऱ्यांकडे) अर्ज देतोय. ज्यांच्याकडे न फोडलेली पिशवी शिल्लक असेल त्यांनी फोडू नका, बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि त्याच अर्जावर सह्या करायला या.