अक्रोड-चॉकलेट बारसाठी डार्क कंपाउंड स्लॅब: वरून चालेल, आत नको

दिवाळी जवळ आली की नाशकातल्या आमच्या सोसायटीत घरी बार, ब्राउनी करणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, तो जाडजूड डार्क कंपाउंडचा स्लॅब घ्यायचा का. मी निरनिराळ्या कंपन्यांचे वापरलेत, चवीत एकोणीस-वीसचा फरक, म्हणून कंपनीच्या नावात पडत नाही, एकूण त्या मालाबद्दलच लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे कंपाउंड हे चॉकलेट नाही, नुसतं तसं दिसतं. पॅक उलटा करून बारीक अक्षरं वाचा. साखर, हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट आणि कोको. खऱ्या चॉकलेटमधे त्या फॅटच्या जागी कोको बटर असतं, ते साधारण ३४ अंशाला वितळतं आणि आपलं अंग ३७ अंशाला, म्हणून तुकडा जिभेवर ठेवला की काही न करता विरघळतो. कंपाउंडचं तसं होत नाही, गिळून झालं तरी टाळूला मेणचट थर राहतो, आणि वर गार पाणी प्यायलात तर विचारूच नका.

पण स्वस्त आहे हो. २०२४ मधे आयव्हरी कोस्ट आणि घानाकडचं पीक बसलं, कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून खरं चॉकलेट उचलताना हात थबकतो. वीसपंचवीस घरी डबे द्यायचे असतील तर कंपाउंड घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

मी ज्या बारवर दोन्ही करून बघितलं तो बिनअंड्याचा आहे, सासूबाई अंडं खात नाहीत. २०० ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा, १०० ग्रॅम वितळलेलं बटर (मीठवालं चालतं, उलट बरंच लागतं), आठ इंची चौकोनी टिनात बटर पेपर घालून वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं. त्यावर १५० ग्रॅम चॉकलेटचे सुरीने केलेले ओबडधोबड तुकडे, १०० ग्रॅम अक्रोड, आणि सगळ्यावरून साधारण २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. ओटीजी (घरगुती ओव्हन) आधी तापवून १७५ अंशाला पंचवीसेक मिनिटं, कडा तांबूस झाल्या की बाहेर. मधे थोडं लिबलिबीत वाटेल, वाटू दे, गार झाल्यावर आवळतं.

आता कंपाउंड घातलेला बार खाताना काय होतं, कंडेन्स्ड मिल्क आधीच गोडमिट्ट, त्यात कंपाउंडची साखर, म्हणजे गोडावर गोड, आणि कोकोचा कडवटपणा लागतच नाही जो खरं तर तिथे हवा असतो. पहिला तुकडा मुलं खातात, दुसऱ्याला मोठी माणसं नको म्हणतात. त्याच जागी अमूलचं ५५ टक्के कोकोचं डार्क घातलं तर बार एकदम मोठ्यांचा होतो, अक्रोडाच्या सालीचा किंचित तुरटपणा आणि ते कडू चॉकलेट एकमेकांना धरून राहतात. ते कुठल्याही किराणा दुकानात मिळतं, बेकरीच्या सामानाचं दुकान शोधत मेनरोडला गाडी लावायची कटकट नाही (त्या गल्ल्यांत संध्याकाळी पार्किंग ज्याला मिळालं तो नशीबवान). माझं मत साफ आहे, आत पोटात खरं चॉकलेट, दीडशे ग्रॅमच तर लागतं.

पण बारवर वितळवून ओतायच्या वरच्या थराला मात्र कंपाउंडच जिंकतं. खरं चॉकलेट नुसतं वितळवून ओतलं तर नीट सेट होत नाही, मऊ राहतं, दुसऱ्या दिवशी वर करडे पट्टे येतात. त्याला टेंपरिंग लागतं, म्हणजे वितळवा, ठरावीक अंशापर्यंत गार करा, परत जरासं तापवा, थर्मामीटर घेऊन बसा. घरच्या ओट्यावर आणि तेही एप्रिल-मेत चाळिशीला टेकणाऱ्या नाशकात कोण करणार. कंपाउंड डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवलं, ओतलं, थोड्या वेळात कडक, सुरी लावली की कटकन आवाज. फक्त पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका, एका थेंबाने सगळं दाटून रवाळ होतं, म्हणून भांडं पुसून आणि वाफ आत येणार नाही असं बेताचं घ्या.

स्लॅबला ५ पैकी ३ देईन, आणि ते तीनही या वरच्या थरासाठी.

अक्रोडाबद्दल एक, दुकानात दाणा चावून बघितल्याशिवाय घेऊ नका. जुना झाला की खवट तेलाचा वास येतो आणि भाजून तो जात नाही, उलट सगळ्या बारला लागतो. रविवार कारंजाकडच्या एका दुकानात मला सुट्टे अक्रोड खवट मिळाले, परत न्यायला गेले तर म्हणे मॅडम भाजून घ्या. चांगले असतील तर आधी १६० अंशाला सात-आठ मिनिटं भाजून घ्या, सैल झालेली थोडी साल हाताने चोळली की निघते आणि बार कुरकुरीत राहतो. अक्रोड परवडत नसतील तर निम्मा काजू घाला, मनुका घालायचा असेल तर निफाड-पिंपळगावकडचा आपला आहेच पण तो कंडेन्स्ड मिल्कच्या खाली दाबा, वर राहिला तर फुगून जळतो आणि कडू होतो.

स्लॅब फ्रिजमधे उघडा ठेवायचा नाही, बाहेर काढला की दव धरतं आणि वर पांढुरकी साखर येते. खराब होत नाही, फक्त दिसायला वाईट. हवाबंद डब्यात घालून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणि उन्हाळ्यात ऑनलाइन तर मागवूच नका, कुरियरच्या गाडीत दिवसभर तापून येतो, पाकिटाच्या एका कोपऱ्यात गोळा झालेला असतो, आणि परत घ्यायची वेळ आली की रिटर्नची मुदत संपलेली.