सहा महिने, तीन वेळा बॉक्स ब्रेड्स: बडोद्यातला वापरानंतरचा अनुभव

बॉक्स ब्रेड्स म्हणजे टाळूवर चौकोनी भाग पाडून, त्यात जोडकेस (विकतचे कृत्रिम केस) मिसळून विणलेल्या बारीक वेण्या. सहा महिन्यांत तीन फेऱ्या झाल्या, तीन वेगळ्या पार्लरमध्ये. निष्कर्ष एकच: फोटो बघून पार्लर ठरवू नका, मुळं बघून ठरवा.

इन्स्टाग्रामवरचे फोटो त्याच दिवशी काढलेले असतात आणि त्या दिवशी सगळ्याच वेण्या झकास दिसतात. तीन आठवड्यांनंतरचा फोटो मागा, तोही सरळ, गुळगुळीत केसांवरचा. दाट कुरळ्या केसांत जोडकेस धरून राहतात, आपल्या केसांवरून सटकतात. मग सटकू नये म्हणून मुळाशी ओढून घट्ट विणतात आणि तिथेच घोळ होतो. भुवया ताणल्यासारख्या वाटणं, मुळाशी बारीक पुटकुळ्या येणं, मान वळवली की ठणका लागणं, यातलं काहीही झालं तर ती वेणी त्याच दिवशी सोडायला लावा. कपाळाच्या कडेचे केस सतत ताणाखाली राहिले तर कायमचे विरळ होऊ शकतात. विद्यापीठात शिकणाऱ्या आफ्रिकी मुलींना विचारलं तर चांगला हात कोणाचा ते कळतं. मात्र आपल्या केसांबद्दल पार्लरला वेगळं विचाराच.

फोनवरच विचारा: नॉटलेस, म्हणजे मुळाशी गाठ न मारता, करता का? यात आधी आपल्याच केसांचे तीन पेड घेतात आणि एक-दोन सेंटीमीटर विणल्यावर जोडकेसांची बारीक बट थोडी थोडी मिसळतात. गाठीच्या पद्धतीत सगळं वजन पहिल्या दिवसापासून मुळावर येतं. नॉटलेसला वेळ जास्त लागतो, मध्यम जाडीला पाच-सहा तास सहज. जोडकेस, सोडणावळ आणि धुणं रेटमध्ये धरलंय का, हेही आधीच ठरवा.

जोडकेस म्हणजे गंगावनाचंच नवं रूप, फक्त धागा कृत्रिम. कनेकलॉन या जोडकेसांच्या धाग्यावरच्या लेपाने काहींना खाज सुटते. अर्धी बादली पाण्यात कपभर अ‍ॅपल सायडर व्हिनेगर घालून वीस मिनिटं बुडवा, वर पांढरट तवंग येईल. स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा आणि मगच घेऊन जा.

आदल्या दिवशी दोनदा शाम्पू करा. कंडिशनर फक्त टोकांना, सीरम नाही. ‘तेल लावून जा’ म्हणणाऱ्या आजीला त्या दिवशी नम्र नकार द्या, तेलाने पकड सुटते. केस कोरडे हवेत, कारण ओले केस ताणले जातात आणि वाळताना आवळतात. गुंता घरीच काढा. चार इंचांहून कमी लांबी असेल तर थांबा.

गरब्यासाठी करायच्या असतील तर घटस्थापनेच्या चार दिवस आधी करा, पहिला ताण उतरायला तेवढा वेळ लागतो. घाम रोज टिपा. आठवड्याने पातळ केलेला शाम्पू नोझलच्या बाटलीतून फक्त टाळूवर सोडा आणि पंख्याखाली पूर्ण वाळवा. ओलसर वेण्यांना कुबट वास येतो, आणि तो जाता जात नाही. स्कूटरवाल्यांनी अंबाडा वर बांधू नये, हेल्मेट बसत नाही. मानेशी सैल बांधा. गॅसजवळ तर वेण्या मागेच हव्यात, हा धागा वितळतो.

आपल्या केसांवर सहा आठवडे पुरे. रोज पन्नास-शंभर केस गळतात, ते वेणीत अडकून राहतात. म्हणजे सोडताना दोन-चार हजार केस एकदम हातात येतात. घाबरू नका. मुळाशी साचलेली मळकट कडी मात्र कोरडी असतानाच बोटांनी मोकळी करा. त्यावर पाणी पडलं की जट होते, आणि मग कात्रीच.