हवाबंद डबा + सिलिका जेल: एका पावसाळ्यानंतर

पावसाळ्यात कॅमेरा बुरशीपासून वाचवायला दीड हजाराच्या आतला जुगाड: रबरी पट्टीच्या झाकणाचा २० लिटरचा प्लास्टिक डबा, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), छोटा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारा). एक बॉडी आणि तीन लेन्स रत्नागिरीत जून ते सप्टेंबर याच डब्यात होत्या. बुरशीचा ठिपकाही नाही.

पण जेल पंधरा दिवसांत हिरवं पडलं, म्हणजे ओलीने भरलं, आणि तिथेच खरी गोम कळली. ३० अंश, ८५ टक्के आर्द्रतेला २० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम. तेवढ्याने अर्धा किलो जेल भरणं शक्यच नाही. ओल येत होती डब्यात ठेवलेल्या स्पंजच्या कॅमेरा बॅगेतून आणि झाकणाच्या एका कोपऱ्यातून. कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. जिथून सहज सुटते तिथे फट. बॅग बाहेर काढली, रबरी पट्टी नीट बसवली, तर आर्द्रता उलट २० टक्क्यांवर उतरली. इतकं कोरडं रबराला बरं नाही. आता २०० ग्रॅम जेलवर आकडा ४० ते ५०च्या आत राहतो. ६०च्या वर टिकू लागला की जेल भाजून ओल काढायची वेळ.

भाजायचं ओव्हनमध्ये, पातळ थरात, ११० अंशांवर दोन तास. १२०च्या वर गेलं की रंग जळतो, मग ते भरलंय की कोरडं हे कळत नाही. गार होईपर्यंत स्टीलच्या घट्ट डब्यात. निळं जेल घेऊ नका, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. तांदूळ तर नकोच, पीठ उडतं.

स्वस्त हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या बुचात मीठ, त्यात ओलं होईल इतकंच पाणी, बूच आणि हायग्रोमीटर दोन्ही झिपच्या पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ दिसायला हवेत. इथे ७० दिसले, म्हणजे प्रत्येक वेळी ५ मिळवायचे.

दव धरण्यावर मात्र हा डबा निरुपयोगी. एसीत २४ अंशांना गार झालेला कॅमेरा बाहेरच्या ३० अंश, ८५ टक्क्यांच्या हवेत काढला तर पाणी धरणारच, कारण त्या हवेचा दवबिंदू (ज्याच्याखाली दव धरतं ते तापमान) २७च्या आसपास आहे. एसीतच झिपच्या पिशवीत बंद करा, बाहेर पाऊण तास तसाच ठेवा, मोठ्या टेलीफोटो लेन्सला तासभर. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो उतरवायला पिशवी उघडली जातेच. दव धरलंच तर चालू करू नका, लेन्स काढू नका. पुढची काच पुसणंही फुकट; बॉडी गार आहे तोवर ती पुन्हा धुरकटते.