होशरुबाची लढाई: जादू कमी, फितुरी जास्त (पाचपैकी चार स्टार)

‘तिलिस्म-ए-होशरुबा’ या उर्दूतल्या लांबलचक जादूच्या गोष्टीचा पहिला भाग इंग्रजीतून वाचला, मुशर्रफ अली फारूकी यांचा अनुवाद, 2009 साली आलेला. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं तर पहिला प्रश्न आला “कुठल्या इयरला आहे?”, म्हणून नाद सोडला आणि डेक्कनकडच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन बसले, तिथे मिळालं. कव्हर थोडं दुमडलेलं पण पानं सगळी होती, त्यामुळे दुकानाला पूर्ण मार्क. आता पुस्तकाबद्दल.

विषय काय, तर एका जादूच्या मुलखावर झालेली स्वारी. मुलुखाचं नाव होशरुबा, तिथला बादशहा अफरासियाब, जादूगारांचा शहेनशाह. आख्खा देशच जादूने रचलेला, त्याचे तीन भाग, एक उघडा जाहिर, एक लपलेला बातिन आणि तिसरा जुलमात म्हणजे नुसता अंधार, मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर चक्क धुराचा पूल. अशा देशात सैन्य घुसवायचं कसं हाच पहिला प्रश्न पडतो, आणि खरं सांगू का, सैन्याने तो सुटतच नाही.

भांडण सुरू कसं होतं ते ऐका. लका नावाचा एक धिप्पाड इसम स्वतःला देव म्हणवतो, गोष्टीचा हिरो अमीर हमजा त्याच्या मागावर आहे, लका पळत पळत होशरुबाच्या शेजारच्या एका राजाकडे आसरा घेतो, तो राजा घाबरून अफरासियाबला पत्र पाठवतो की आमचा देव संकटात आहे, मदत पाठवा. अफरासियाबही लकाला मानणारा, तो एकेक जादूगार धाडत बसतो. तेवढ्यात हमजाचा मुलगा शिकारीला म्हणून जातो आणि होशरुबाच्या हद्दीत जाऊन अडकतो. मग रमल टाकून बघतात तर उत्तर येतं की हा देश जिंकणं हमजाच्या नातवाच्या, असदच्या नशिबात आहे. म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशातल्या पळपुट्याला मदत केली, एवढ्यावर हे सगळं महाभारत. वाचताना मला बराच वेळ अफरासियाबचंच बरोबर वाटत होतं, बिचारा आपल्या घरात बसलाय आणि ही मंडळी दार वाजवतायत. (पुढे तो ज्या थराला जातो ते बघून माझी सहानुभूती संपली, पण ती बरीच उशिरा.)

गंमत अशी की लढाईचा निकाल आधीच जाहीर आहे. या गोष्टींमध्ये कुठलाही तिलिस्म, म्हणजे जादूने रचलेला मुलूख, बांधतानाच तो कधी तुटणार आणि कुणाच्या हातून तुटणार हे ठरलेलं असतं, आणि अफरासियाबला ते माहीत आहे. शिवाय त्याच्याकडे सामरीची पोथी आहे, उघडली की कोण कुठे आहे, कोणाचं सोंग घेऊन आलंय, सगळं कळतं. इतकं भारी हेरखातं पदरात असून माणूस हरत जातो कारण पोथी नेहमी उशिरा उघडतो! माझे मामा, सदाशिव पेठेत वाढलेले, मोडी वाचणारे, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले “बातमी असून उपयोग नसतो गं, बातमीवर हलणारा माणूस लागतो.” मग पुस्तकच मागून नेलं.

मामांना जे आवडलं तेच मला आवडलं, आणि या पुस्तकाबद्दल मला सांगायचंय ते एवढंच, की जादूच्या या लढाईत खरं काम जादू करतच नाही. काम करते फितुरी. असद आत जातो तो होशरुबातल्याच महजबीन नावाच्या शहजादीच्या प्रेमात पडतो, तीही त्याच्या, अफरासियाब खवळतो, आणि महजबीनच्या नात्यातली महरुख नावाची मोठी जादूगारीण पोरीला वाचवायला म्हणून बादशहाविरुद्ध उभी राहते. बस, इथून स्वारीचं रूपच बदलतं. बाहेरून आलेल्यांकडे जादू शून्य, आता देशातलेच जादूगार देशाविरुद्ध लढायला लागतात आणि बंडाची सेना महरुखच्या नावाने उभी राहते. असद जिंकणारा म्हणून नशिबात लिहिलेला आहे ना, तो मात्र निम्मा वेळ कैदेत नाहीतर प्रेमात. ज्यांनी पेशवाईच्या उत्तरार्धावर काही वाचलंय त्यांना प्रत्येक पानावर ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं होईल, कोण रुसलं, कोणाचा अपमान झाला, कोणाला मुलाची काळजी, आणि एकेक सरदार तिकडचा इकडे. होशरुबात कोणीही तत्त्वासाठी फुटत नाही, सगळे घरच्या भांडणावरून फुटतात, आणि हे मला कुठल्याही मोठमोठ्या भाषणांपेक्षा खरं वाटलं.

बहार हे त्यातलं बेस्ट कॅरेक्टर. अफरासियाबची बायको हैरत, तिची ही बहीण. आधी बंडखोरांवर चालून येते आणि नंतर त्यांच्याच बाजूला. तिची जादू म्हणजे वसंत. फुलांचा गुच्छ फेकला की रणांगणावर झाडं फुलतात, वारा सुटतो, आणि समोरचं सैन्य हत्यारं विसरून तिच्यामागे शेर म्हणत फिरायला लागतं, शेवटी आपल्याच लोकांवर तलवार चालवतं. लढाईचं इतकं देखणं आणि इतकं भयंकर वर्णन मी तरी वाचलं नव्हतं, हे प्रकरण मी पीएमपीएमएलच्या बसमध्ये वाचत होते आणि कोथरूड डेपो आला तरी उठले नाही, कंडक्टरने हाक मारली तेव्हा उतरले.

आणि ऐयार! नव्वदीत रविवारी दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ बघितलेल्यांना ऐयार काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, ऐयार म्हणजे सोंगं घेणारे हेर. इथे पाच जण आत शिरतात, अमर, किरान, बर्क, जरगाम, जानसोज, आणि त्यांना जादू येत नाही हीच त्यांची ताकद. सोंग, गुंगीचं औषध, फास, खंजीर, एवढ्यावर काम. अमरकडे मात्र पीरांनी दिलेल्या वस्तू आहेत, अंगावर घेतली की दिसेनासा होतो अशी चादर, आणि जंबील नावाची झोळी जिच्यात काहीही मावतं, आत म्हणे शहरं आहेत आणि कैदी पण आहेत. पण माणूस एक नंबरचा चिक्कू. जादूगार मारला की आधी त्याचे कपडे उतरवून झोळीत टाकणार, तंबूतल्या सतरंज्या गुंडाळणार, मग पळणार. हिरोचा जिगरी दोस्त इतका लोभी ठेवायला लेखकाला हिंमत लागते. मामा म्हणाले बहिर्जी नाईकांच्या खात्यात हा चालला असता, फक्त हिशोब दुसऱ्याकडे द्यावा लागला असता.

आता तक्रारी. पहिली, रिपिटेशन. जादूगार येतो, ऐयार सुंदर मुलीचं सोंग घेऊन समोर बसतो, प्याला पुढे करतो, जादूगार पितो, आडवा, खल्लास. मेला की अंधार होतो, वादळ सुटतं आणि आवाज येतो की मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, नंतर नंतर तुम्ही नावाची वाटच बघत बसता. अफरासियाबच्या दरबारात कुणीतरी एक सर्क्युलर काढायला हवं होतं की अनोळखी व्यक्तीकडून सरबत घेऊ नये, लढाई तिथेच फिरली असती. पण हे मुळात बसून वाचायचं पुस्तक नव्हतंच, लखनौच्या मैफिलीत रात्री ऐकायची दास्तान होती, ऐकणाऱ्यांना तोच डाव नव्या सोंगात हवा असायचा. म्हणून सलग वाचू नका, कीर्तनाला जाऊन बसावं तसं रोज थोडं घ्या, आणि जमलं तर मोठ्याने वाचा.

दुसरी तक्रार जरा गंभीर. हमजाच्या बाजूला येणाऱ्याने त्याचा धर्मही घ्यायचा, आणि जो येत नाही तो वाईट, मारायला मोकळा. 19व्या शतकातली गोष्ट आहे हे मान्य, तरी खटकतं ते खटकतंच. बंडखोरांना स्वतःचा देश तुटताना काही वाटतं का, हा प्रश्न पुस्तक विचारतच नाही आणि मला तर तोच हवा होता.

तिसरी, गोष्ट पूर्ण नाही. मूळ उर्दू होशरुबा 1883 ते 1893 मध्ये लखनौच्या नवलकिशोर प्रेसने छापली, आधीचे चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, नंतरचे अहमद हुसेन कमर यांचे, आणि ही सगळी म्हणजे सुद्धा हमजाच्या 46 खंडांच्या दास्तानीचा एक तुकडा. हातातला भाग म्हणजे फक्त सुरुवात, त्यामुळे लढाई मधेच सोडून उठावं लागतं. अर्ज किया है की विकत घेताना हे माहीत असू द्या.

प्रस्तावना मात्र सोडू नका. हमजाची गोष्ट जुनी, अकबराने तिची साधारण 1400 चित्रं काढून घेतली, पण होशरुबा त्या जुन्या गोष्टीत नव्हतीच, ती लखनौच्या मीर अहमद अली या दास्तानगोने, म्हणजे दास्तान सांगणाऱ्याने, आणि त्यांच्या शिष्यांनी रचून जुनी म्हणून हमजात बेमालूम घुसवली असं तिथे वाचायला मिळतं. म्हणजे ऐयारी पुस्तकाच्या बाहेरही चालू होती! आणि म्हणूनच की काय, हा दूरचा जादूचा देश असूनही पान, सरबतं, पोशाख, रुसवेफुगवे, सगळं लखनवी. ज्यांनी नंतर टीव्हीवरच्या महाभारताचे संवाद लिहिले त्या राही मासूम रझांची पीएचडी होशरुबातल्या हिंदुस्थानी संस्कृतीवरच होती, ‘मैं समय हूँ’ लिहिणारा माणूस कुठल्या तालमीतून आला ते यावरून कळतं.

एक स्टार कापला तो रिपिटेशन आणि त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी. इंग्रजी फॅन्टसी वाचणाऱ्या पोरांना जरूर द्या, नकाशा आणि वंशावळीची सवय असलेल्यांना इथल्या नावांच्या गर्दीचं काही वाटणार नाही, बाकीच्यांनी शेजारी एक कागद ठेवून कोण कोणाचं ते लिहीत जावं आणि नाव खोडून पलीकडच्या रकान्यात टाकायला जागा सोडावी, कारण महरुख फुटली की तिच्यामागे रांगच लागते.